टाच धरली, उमेद गेली: अंबाजोगाईच्या धावणाऱ्या ताईंना उत्तर

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचणाऱ्यांसाठी ते थोडक्यात असं: वय ३९, कनिष्ठ महाविद्यालयात शिकवता, अंबाजोगाईत तीन वर्षांपासून धावता. मागच्या डिसेंबरात संभाजीनगरला पहिली हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटरची शर्यत, २ तास २८ मिनिटांत पूर्ण केली. यंदा २:१५ करायचं ठरवून जूनपासून ग्रुपबरोबर तयारी सुरू केली आणि दसऱ्याच्या आसपास उजवी टाच धरली, वर्षभरात तिसऱ्यांदा. आराम केला की बरं वाटतं, धावलं की पुन्हा तेच. आता तर टाच शांत असली तरी पहाटे गजर बंद करून पडून राहता. ग्रुपवर बाकीच्यांचे लाँग रनचे फोटो आले की फोन उलटा ठेवता. घरी सासूबाई विचारतात, "तुला कोणती भरती द्यायचीय?" शर्यत सहा आठवड्यांवर आली आहे आणि तुमचा प्रश्न एकच आहे, की उमेद टिकवायची कशी.

मी परभणीत वीस वर्षं फिजिओथेरपी करते आणि त्यातली चौदा वर्षं स्वतः धावते. तुम्हाला वाटतंय की उमेद गेली म्हणून पहाट सुटली. मला तुमच्या लिहिण्यात क्रम वेगळा दिसतो. आधी शरीर थकलं, मग टाच दुखली आणि सगळ्यांत शेवटी उमेद गेली. अंगात ताप भरला तर आपण त्याचं कारण शोधतो, आजारी माणसाला "मन घट्ट कर" एवढंच सांगून घरी पाठवत नाही. धावण्याची इच्छा जाणं हेही मी तापासारखंच धरते. माझ्याकडे येणारा धावपटू "मूडच नाही हो" म्हणाला की मी पहिल्यांदा त्याची धावण्याच्या नोंदींची वही मागते.

तुम्ही पत्रात दिलेले तुमच्या वहीतले आकडे बोलके आहेत. हाफला २ तास २८ मिनिटं म्हणजे किलोमीटरला साधारण ७ मिनिटं. ही तुमची शर्यतीची गती, सगळा जीव लावून मिळवलेली. सप्टेंबरातला तुमचा एक आठवडा बघा: मंगळवारी ६ किलोमीटर ६:५० च्या गतीनं, गुरुवारी ८ किलोमीटर बरोबर ७ नं, रविवारी मुकुंदराजच्या समाधीच्या बाजूला १८ किलोमीटर ७:१० नं. म्हणजे आठवड्यात तीनदा तुम्ही जवळजवळ शर्यतच धावत होता आणि रविवारी तर चढउतारावर. ग्रुपमधल्या ज्या दोघांच्या मागे तुम्ही धावता, त्यांची हाफ २:०५ ची आहे. त्यांना ७:१० म्हणजे गप्पा मारत पळायची गती. त्यांचा रविवार आरामात जात होता आणि तुमची त्याच रस्त्यावर परीक्षा चालली होती. असे चार महिने काढल्यावर पहाटे अंथरूण सोडवत नाही, यात मला तुमच्या मनाचा काहीच दोष दिसत नाही.

तुमची रोजची गती किलोमीटरला ८ ते साडेआठ मिनिटं असायला हवी. ओळखायची खूण सोपी आहे: शेजारच्या बाईला काल वर्गात काय झालं ते पूर्ण वाक्यांत सांगता आलं पाहिजे, मध्ये श्वासासाठी वाक्य तुटता कामा नये. आठवड्यातल्या एकूण किलोमीटरपैकी पाचातले चार भाग याच गतीनं, उरलेल्या एका भागात काय ती धाप. एवढं सावकाश पळायची आपल्याकडे फार लाज वाटते. त्याचं कारण मला वाटतं आपल्या मैदानांवर आहे. मराठवाड्यात धावणं बहुतेकांनी पाहिलंय ते भरतीच्या पोरांचं. पहाटे चारला जिल्हा क्रीडा संकुलावर आलेली, पोलीस भरतीचे १६०० मीटर पाच मिनिटांत बसवायला जीव तोडणारी पोरं, ८०० मीटरसाठी धापा टाकणाऱ्या पोरी. त्यांचं बरोबरच आहे, त्यांची परीक्षाच तेवढ्या अंतराची आहे आणि घरादाराचं भविष्य त्यावर टांगलेलं आहे. पण त्यामुळे आपल्या डोक्यात धावणं म्हणजे धाप लागणं हेच पक्कं बसलंय. सासूबाईंचा प्रश्नही तिथूनच येतो. त्यांनी बिनभरतीचं धावणं कधी पाहिलेलंच नाही. त्यांच्यावर रागावू नका. एखाद्या रविवारी त्यांना सोबत चालायला घेऊन जा.

दुसरं कारण कदाचित तुमच्या रक्तात असेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. निम्म्यापेक्षा जास्त. त्यात धावणारीला लोह अधिक लागतं: पाळीत जातं, थोडं घामातून जातं आणि पाऊल सतत आपटण्यानं तांबड्या पेशी काही प्रमाणात फुटतात. म्हणून या आठवड्यात हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचं माप, तपासून घ्या. नुसतं हिमोग्लोबिन पाहून थांबू नका. ते १२ च्या वर असतानाही शरीरातला लोहाचा साठा रिकामा असू शकतो. मग जिने चढताना मांड्या भरून येतात, नेहमीची गती जड वाटते आणि कशातच जीव लागत नाही. माझ्याकडे गेल्या काही वर्षांत "आता धावावंसं वाटत नाही" म्हणून आलेल्या बायकांपैकी कितीतरी जणींचं उत्तर लोहाच्या गोळीत निघालं. गोळी किती आणि किती दिवस, ते डॉक्टरांना ठरवू द्या. तुमच्या हातात एक गोष्ट आहे: जेवणाच्या आगेमागे तासभर चहा घेऊ नका, चहामुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. भाजीवर लिंबू पिळा.

आणि नवरात्राबद्दल मला बोलावंच लागेल. तुम्ही सहज एका ओळीत लिहून गेलात की योगेश्वरीचे नऊ दिवस उपास केले आणि त्यातच १८ किलोमीटरचा लाँग रनही केला. श्रद्धेला माझा हात लागणार नाही, मी स्वतः नवरात्र धरते. पण भगर, साबुदाणा आणि फळांवर नऊ दिवस काढताना शरीराला दुरुस्तीसाठी लागणारं पीठ-डाळ-दूध कमी पडतं. धावल्यावर स्नायूंत आणि हाडांत जी बारीक झीज होते, ती भरून काढायला माल लागतो आणि तोच तुम्ही त्या आठवड्यात दिला नाहीत. दसऱ्याच्या दिवशी टाच धरली, तो योगायोग मला वाटत नाही. पुढच्या वर्षी उपास जरूर करा, पण ते नऊ दिवस प्लॅनमध्ये हलके ठेवा: चालणं, फार तर ४ किलोमीटर सावकाश. ज्यांची पाळी धावणं वाढल्यापासून लांबते किंवा बंद होते, त्यांनी तर हे फार गांभीर्यानं घ्यावं. शरीराला पुरेसं खायला मिळत नाही, हे सांगायची त्याची ती पहिली खूण असते. त्यानंतरची खूण हाडात दिसते.

आता टाच. सकाळी उठल्यावर पहिली दहा-पंधरा पावलं टोचतात, मग मोकळं होतं, वर्गात तासभर बसून उठलं की पुन्हा टोचतं, आणि दुखणं टाचेच्या आतल्या बाजूला खाली आहे. तुम्ही केलेलं हे वर्णन तळव्याच्या पट्टीच्या दुखण्याचं आहे, ज्याला डॉक्टर प्लांटर फॅसायटिस म्हणतात. ही जाड पट्टी टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत जाते. चढावर पळताना पोटरी आणि ही पट्टी दोन्हींवर ताण वाढतो. तुम्ही जूनमध्ये आठवड्याला १८ किलोमीटर धावत होता, सप्टेंबरात ३२. दम तेवढ्यात वाढतो, कारण हृदय-फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात. पट्ट्या आणि कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) यांना महिने लागतात. म्हणून सगळं छान चाललंय असं वाटत असतानाच टाच धरते.

नुसत्या आरामानं ती का बरी होत नाही, हे एकदा समजलं की तुमचा अर्धा वैताग जाईल. आराम केल्यावर दुखणं थांबतं, पण पट्टीची ताकद वाढत नाही, उलट थोडी घटते. मग पुन्हा तेवढंच धावलं की पुन्हा तेच होतं. तुमचं वर्षभर हे चक्र चालू आहे. यातून बाहेर पडायचं तर टाचेला हळूहळू वजन उचलायला शिकवावं लागेल. जिन्याच्या पायरीवर उभ्या राहा, पायाच्या बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा म्हणजे बोटं वर वळतील, टाच पायरीच्या बाहेर. दुखऱ्या एका पायावर तीन सेकंदांत वर, दोन सेकंद तिथंच, तीन सेकंदांत खाली. बारा वेळा, असे तीन संच, दिवसाआड. भिंतीचा किंवा कठड्याचा आधार घ्या. सुरुवातीला एका पायावर जमलं नाही तर दोन पायांवर करा. दोन आठवड्यांनी पाठीवर बॅग घ्या, तिच्यात पुस्तकं भरत जा आणि वेळा कमी करून संच वाढवा: दहाचे चार, मग आठचे पाच. तीन महिने करायचंय. या व्यायामाची तुलना नुसत्या ताणाच्या व्यायामाशी करून झालेली आहे आणि तीन महिन्यांनी वजनाचा व्यायाम करणाऱ्यांना अधिक आराम होता. करताना थोडं दुखेल, ते चालतं.

किती दुखणं चालतं, याचं माझं माप असं. शून्य म्हणजे काही नाही आणि दहा म्हणजे असह्य, यात तीनपर्यंतचं दुखणं मी चालवून घेते, पण दोन अटींवर: धावता धावता ते वाढू नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली पावलं आदल्या दिवशीपेक्षा जास्त टोचू नयेत. सकाळची ती दहा पावलं हेच तुमचं मीटर. वहीत रोज त्याचा आकडा लिहा.

घरात अनवाणी वावरू नका. आपल्याकडच्या घरांतली शहाबादी फरशी टाचेला फार कठीण पडते. मऊ तळाची चप्पल घरात वापरायला ठेवा. तुम्ही बुटांचं वय दोन वर्षं लिहिलंय. आठवड्याला पंचवीस किलोमीटर धरले तरी अडीच हजार किलोमीटर होतात आणि बहुतेक बूट पाचशे ते आठशेत संपतात. नवीन घ्या. महाग हवेत असं नाही, पायात घालून दुकानात चार फेऱ्या मारल्यावर आवडले पाहिजेत.

एका दुखण्याला मात्र ही मुभा नाही. एका बोटानं दाखवता येईल एवढ्या जागी हाड दुखतंय, रात्री झोपेतही ठणकतंय, त्या पायावर उडी मारली की कळ येते, तर धावणं त्याच दिवशी थांबवायचं आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. हाडाला बारीक चीर असू शकते आणि सुरुवातीच्या एक्स-रेत ती बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआय लागतो. भरतीची तयारी करणारा एक एकोणीस वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला होता, नडगीच्या अशाच दुखण्यावर तीन आठवडे वेदनाशामक गोळ्या घेऊन सिमेंटच्या रस्त्यावर पळत राहिलेला. चीर वाढून हाड मोडलं. ती भरती तर गेलीच, पुढचीही गेली. त्याचे वडील ऊसतोडीला जाणारे. तो बाप बाकावर हात जोडून बसला होता आणि माझ्याकडे त्याला सांगायला काही नव्हतं. तेव्हापासून धावायच्या आधी गोळी घेणारा कुणीही भेटला की मी थांबवून बोलते. शिवाय लांब धावताना अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

हा उपदेश मी अनुभवानं करतेय. २०१७ च्या जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन होती. सहा आठवडे आधी पोटरी ओढली गेली होती. मी फिजिओ, मला सगळं कळत होतं, पण बिब (छातीवर लावायचा शर्यतीचा नंबर) आला होता, रेल्वेचं आरक्षण झालं होतं, घरच्यांना सांगून झालं होतं. सकाळी एक गोळी घेतली आणि उभी राहिले. पेडर रोडच्या चढावर पोटरीत कळ आली आणि पुढचं अंतर मी कठड्याला धरून चालत काढलं. मेडल मिळालं. त्यानंतर चार महिने धावता आलं नाही आणि ते चार महिने माझ्या धावण्यातले सगळ्यांत वाईट. तुमच्या पत्रातल्या फोन उलटा ठेवण्याच्या ओळीवर मी थांबले, कारण मीही तेच करायचे.

म्हणून डिसेंबरच्या शर्यतीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: यंदा २:१५ विसरा. त्या दिवशी हाफ धावूच नका. सहा आठवड्यांत टाच बरी होऊन वेगही येईल असा प्लॅन मला तरी बनवता येत नाही. आयोजक बदलून देत असतील तर १० किलोमीटर घ्या, तेही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तुम्ही ६ किलोमीटर सावकाश, तीनच्या आत दुखणं ठेवून धावू शकत असलात तरच. नाहीतर ते पैसे गेले असं समजा. फेब्रुवारीअखेर एखादी हाफ मिळाली तर तिथे २:२५ चं बघू. २:१५ पुढच्या हिवाळ्यासाठी ठेवा.

हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल. मला माहीत आहे. पण दोन-तीन आठवडे धावणं थांबल्यानं तुम्ही वाटतंय तेवढ्या मागे जात नाही. पहिल्या दहा-बारा दिवसांत फार काही कमी होत नाही, त्यानंतर दम हळूहळू उतरू लागतो, आणि सायकल किंवा जोरकस चालणं चालू असेल तर तोही बराच टिकतो. दुखण्याच्या काळात खरी तुटते ती पहाटेची सवय. तिसऱ्या आठवड्यात टाच बरी झालेली असते आणि तरी आपण उठत नाही, कारण तोवर साडेपाचचं शरीर झोपेला सरावलेलं असतं. तुमचं नेमकं हेच झालंय.

म्हणून माझी तुम्हाला एकच कळकळीची विनंती आहे. धावणं बंद असो वा चालू, पहाटेची वेळ सोडू नका. साडेपाचला उठायचं, धावायचेच कपडे घालायचे, बूट घालायचे. मग काम वेगळं करायचं: सोमवार, बुधवार, शुक्रवारी टाचेचे संच, सोबत उठाबशा, एका पायावर तोल, पालथं झोपून कोपरांवर अंग उचलून धरणं, अर्धा तास. मंगळवार-शनिवारी सायकल किंवा सपाट रस्त्यावर जोरात चालणं, चाळीस मिनिटं. गुरुवारी काहीच नको वाटलं तर अंगणात खुर्ची टाकून पंधरा मिनिटं बसा, पण त्याच वेळी, त्याच कपड्यांत. मी २०१७ नंतरच्या प्रत्येक दुखण्यात हे केलंय. परत धावायला लागताना उठण्याची लढाई करावी लागली नाही, एवढा एकच फरक पडला आणि तो फार मोठा होता. हिवाळ्यात साडेपाचला मिट्ट काळोख असतो, रस्त्यावर कुत्री असतात. एकट्या असाल तर कॉलेजच्या वेळेत बसेल तसं सव्वासहा धरा. वेळ कोणतीही चालेल, रोज एकच हवी.

वहीतही बदल करा. तुमच्या वहीत फक्त किलोमीटरचा रकाना आहे. टाच दुखली की तो रकाना रिकामा राहतो आणि रोज रिकामा रकाना बघून कुणाचंही मन खचेल. त्याजागी चार रकाने करा: उठले का, काय केलं, टाचेचा सकाळचा आकडा, झोप किती. मग दुखण्याचा दिवसही भरलेला दिसतो.

आषाढीच्या आधी शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परभणीत येते आणि पुढे गंगाखेड, परळीवरून तुमच्या अंबाजोगाईला जाते. मी दरवर्षी मुक्कामावर वारकऱ्यांचे पाय बघायला बसते. साठी-सत्तरीची माणसं, तळव्यांना फोड, घोटे सुजलेले, आणि तरी सकाळी पताका घेऊन रांगेत उभी. मी एका आजोबांना विचारलं होतं की अजून एवढं पंढरपूर राहिलंय, दडपण येत नाही का. ते म्हणाले, "आम्हाला उद्या दैठण्याला जायचंय." पंढरपूर त्यांच्या मनात होतंच, पण पायांना फक्त पुढचा मुक्काम ठाऊक होता. मला हे शर्यतीतही उपयोगी पडतं. हाफमध्ये १५-१६ किलोमीटरला जो जडपणा येतो, तिथे उरलेले सहा मोजू नका. पुढच्या पाण्याच्या टेबलापर्यंतच जायचं, दोन घोट घ्यायचे, मग पुढचं टेबल. पाणीही तहानेपुरतंच प्या. भीतीनं लिटरच्या लिटर साधं पाणी पिणाऱ्यांचं रक्तातलं मीठ पातळ होऊन ते चक्कर येऊन पडलेले मी पाहिलेत. आणि पालखीकडून आणखी एक: तिथे कुणी ठरलेल्या चालीपुढे पळत नाही. जोरात चालू शकणारा तरुणही दिंडीच्या चालीनं चालतो.

ग्रुपचं काय करायचं? सोडू नका. फोटो बघवत नसतील तर महिनाभर स्ट्राव्हा हे धावण्याच्या नोंदींचं ॲप फोनवरून काढून टाका, ग्रुपचे संदेश बंद आवाजात ठेवा, त्यात काही वाईट नाही. पण रविवारी स्कूटीवर पाण्याच्या बाटल्या, केळी आणि मीठ-साखरेचं पाणी घेऊन त्यांच्या ८ आणि १४ किलोमीटरला उभ्या राहा. सांगा की या महिन्यात पाण्याची जबाबदारी माझी. दुखण्यात सगळ्यांत जास्त टोचतं ते आपलं तिथे काही काम नसणं. मागे पडलेली एखादी नवी मुलगी तुम्हाला दिसेल, कदाचित तुमच्यासारखीच दुसऱ्याच्या गतीनं धावून दमलेली. तिच्याशी बोला.

तुमच्याच जिल्ह्यातला अविनाश साबळे, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. २०१८ मध्ये घोट्याच्या दुखापतीनं त्याची आशियाई स्पर्धा हुकली. त्याच वर्षी सप्टेंबरात भुवनेश्वरला त्यानं ३००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीत ८:२९.८० वेळ देऊन गोपाळ सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. आणि २०२५ च्या जुलैत मोनॅकोला पाण्याच्या अडथळ्यावर पडून गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया झाली. "त्याला जमलं तर तुम्हालाही" असं मी मुळीच म्हणत नाही. त्याच्या पाठीशी सैन्य आहे, प्रशिक्षक आहेत, दिवसभराचा आराम आहे. तुमच्या मागे बारावीचे पेपर आणि घरचा स्वयंपाक आहे. त्याच्याकडून घ्यायचं ते एवढंच की इतक्या वरच्या माणसाचाही एखादा हंगाम दुखण्यात जातो, आणि तो गेलेला हंगाम सोसून पुढचा धरावा लागतो.

हंगामाबद्दल सांगायचं राहिलं. तुम्ही बाराही महिने सारख्याच धावता. आपल्या भागात ते परवडत नाही. मेमध्ये पारा ४२ च्या पुढे असतो आणि पहाटेसुद्धा हवा गरम असते, तर डिसेंबरात परभणीत सात-आठ अंशांवर कुडकुडायला होतं. कोरडवाहू शेतकरी उन्हाळ्यात रान नांगरून तापू देतो, तेव्हा तो काहीच पेरत नाही. एप्रिल-मे हा तुमचाही नांगरटीचा काळ धरा: आठवड्यात दोन-तीनदा छोटं धावणं, बाकी ताकदीचे व्यायाम. जून-जुलैत सावकाश अंतर वाढवा, दर चौथ्या आठवड्यात थोडं कमी करा. वेगाचं काम ऑक्टोबरपासून, आणि शर्यती डिसेंबर ते फेब्रुवारीत, त्याही दोनच. सगळ्या शर्यती सारख्या महत्त्वाच्या धरल्या की एक हुकली तरी वर्ष वाया गेल्यासारखं वाटतं. दोनातली एक अशी ठेवा की जिथे घड्याळ घरीच ठेवायचं आणि हुरड्याच्या दिवसांत मैत्रिणींबरोबर गप्पा मारत धावायचं.

परत धावायला कधी लागायचं? सपाटीवर तीस मिनिटं जोरात चालून दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा वाढत नसेल आणि दुखऱ्या पायावर सलग वीस वेळा टाच उचलता येत असेल तेव्हा. सुरुवात एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा, एक दिवस सोडून. दर तीन वेळांनी धावण्याचं एक मिनिट वाढवा. मुकुंदराजचा चढ मात्र जानेवारीपर्यंत चालतच.

फेरिटिनचा अहवाल आला आणि चार आठवड्यांचे सकाळचे आकडे वहीत जमले की मला कळवा. त्या आकड्यांवरून फेब्रुवारीचं ठरवू. बुधवारी आणि शनिवारी दुपारी मी दवाखान्यात थोडी मोकळी असते. परभणीला येणं झालं तर जुने बूट घेऊन या. त्यांचा तळ कुठल्या बाजूला झिजलाय ते मला बघायचंय.